जिजांच्या स्मृतिदिनी गायरानाची फाईल उघडा

एकनाथ आवाड २५ मे २०१५ रोजी गेले. बीड जिल्ह्यात त्यांना सगळे 'जिजा' म्हणत. दुकडेगावच्या पोतराजाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने वडिलांच्या जटा स्वतः कापल्या, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात उडी घेतली आणि पुढे मानवी हक्क अभियानातून मराठवाड्यातल्या भूमिहीनांच्या गायरानाचा, म्हणजे गावच्या चराऊ सरकारी जमिनीचा, प्रश्न हातात घेतला. गावकीची कामं करून भाकरी मागायची पाळी ज्यांच्यावर होती, त्यांना कसायला जमीन मिळाली तर गावाशी बोलण्याचा सूरच बदलतो, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

त्यांच्या फोटोला हार घालाच. पण २५ मे म्हणजे मिरगाच्या आधीचे दोन आठवडे. नांगरट झालेली असते, पेरणी व्हायची असते आणि माणसं गावात असतात. ऊसतोडीला गेलेलीही परतलेली असतात. गायरान कसणाऱ्या प्रत्येक घराची कागदं तपासायला याहून चांगला दिवस मला दिसत नाही.

सगळं अडतं ते एका तारखेपाशी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करायचं ठरलं, आणि त्यासाठी १४ एप्रिल १९९० पर्यंतचा कब्जा धरला गेला. एक तारीख फुल्यांच्या स्मृतिदिनाची, दुसरी आंबेडकर जयंतीची. म्हणून 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो' हे तोंडी सांगून भागत नाही, १९९० च्या आधीचा कागद लागतो.

त्यातला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे गाव नमुना १-ई, अतिक्रमणाची नोंदवही. तिची त्या वर्षांची प्रमाणित नक्कल मागा. जोडीला दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, तेव्हा आलेल्या नोटिसा. गंमत वाटेल, पण हुसकावण्यासाठी काढलेली नोटीसच पुढे कब्जाचा पुरावा होते, म्हणून रागाने फाडू नका. पावत्यांची शाई उडत चाललेली असते. आजच दोन झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटो घ्या. मूळ पावती कुणाच्याही हाती कायमची देऊ नका. कार्यालयात दाखवायची आणि परत आणायची.

नक्कल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा; दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही, पण दाखला जोडावा लागतो. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा. 'गावातील गायरानाची सर्व माहिती द्या' असं लिहिलं की हमखास फाटे फुटतात. गट नंबर, वर्ष आणि नमुना एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खरी गडबड नावांत आणि मापांत होते. नोंदवहीत आजोबाचं नाव असतं, तेही घरच्या हाकेचं. आधार कार्डावर नातवाचं तिसरंच. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि मृत्यूचा दाखला नसेल तर साखळी तुटते. जुन्या कागदावर एकर-गुंठे, नव्यावर हेक्टर-आर. १ एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ०.४० हेक्टर. हा हिशेब चुकला की 'जास्त जागा दाबली' असा शेरा बसतो. जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर एकच आहेत का, तेही जुळवून ठेवा. मोबाईलवरून पिकाची नोंद करायच्या ई-पीक पाहणीवर मात्र विसंबू नका. सातबाऱ्यावर खातेदार म्हणून नाव नसलेल्याला तिचा आधार मिळत नाही.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. तेव्हापासून गायरानवाल्यांना तो निकाल पुढे करून घाबरवलं जातं. त्याच निकालात अपवादही आहे: सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्ट्याने दिलेली जमीन. हा परिच्छेद नोटिशीच्या उत्तराला जोडाच. महसूल संहितेच्या कलम ५० ची, म्हणजे अतिक्रमण काढण्याची, नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी म्हणणं द्या आणि कलम ५१ खाली नियमानुकूल करण्याची मागणी त्याच अर्जात करा. तहसीलदाराचा आदेश विरोधात गेला तर अपिलाला ६० दिवस असतात, पण स्थगितीचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. जेसीबी ६० दिवस थांबत नाही.

आणि अर्जात बाईचं नाव घाला. खुरपणीपासून राखणीपर्यंत जमीन तीच सांभाळते. कारभारी गेल्यावर कागद दिराच्या ट्रंकेत सापडतो आणि तिच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून फाईल दोन करा. एक तिच्याजवळ राहू द्या.