दोन देशांचा पॅक आणि मधला समुद्र

स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणाऱ्या बोटीवर एका रात्रीत माझ्या फोनने 212 एमबी डेटा वापरला. मी तेव्हा केबिनमध्ये झोपले होते. त्याचं जे बिल आलं ते आईच्या आणि माझ्या बोटीच्या तिकिटांपेक्षाही जास्त होतं. ते रद्द करून घ्यायला नऊ आठवडे गेले. असं बिल आलं की आपलीच चूक असणार असं समजून बरेच जण गप्प भरून टाकतात. मीही जवळजवळ भरलंच होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

निघण्याआधी मी चौकशी केली होती. माझा नंबर पोस्टपेड. रोमिंगचा पॅक घेतला, देशांच्या यादीत स्वीडन आणि फिनलंड दोन्ही असल्याचं पाहिलं, तरी खात्रीसाठी कस्टमर केअरला फोन केला. "स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणार आहोत, पॅक दोन्हीकडे चालेल ना?" "हो मॅडम, दोन्ही देश पॅकमध्ये आहेत." बोटीने जाणार हे मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. सांगायला हवं हे सुचणार तरी कसं?

स्टॉकहोममध्ये तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. हॉटेलचं वायफाय रडत होतं आणि पॅकमध्ये डेटा भरपूर होता, म्हणून फोटोंच्या बॅकअपची 'फक्त वायफायवर' ही सेटिंग मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. पुढचं सगळं या एका टिचकीतून झालं.

बोट संध्याकाळी सुटते. पहिले काही तास ती हजारो लहानमोठ्या बेटांमधून वाट काढत जाते. किनारा जवळ असतो, त्यामुळे जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल मिळत राहतो. आई डेकवरून हलायला तयार नव्हती. तिच्या हातात माझा फोन, आणि दर बेटाचा एक फोटो. मध्यरात्रीच्या सुमारास ऑलंड बेटांवरच्या मारियेहाम्नला बोट थोडा वेळ थांबली तेव्हा आम्ही झोपायच्या तयारीत होतो. तिथून पुढे किनारा दूर गेला, जमिनीचं नेटवर्क सुटलं आणि फोनने स्वतःच दुसरं नेटवर्क पकडलं, ते बोटीचं.

मोठ्या बोटींवर स्वतःचे छोटे अँटेना बसवलेले असतात, हे मला नंतर कळलं. फोनच्या दृष्टीने ते नेहमीच्या टॉवरसारखंच नेटवर्क. तिथून पुढे मात्र सगळं उपग्रहामार्फत जातं आणि त्याचे दर जमिनीवरच्या दरांच्या कित्येक पट असतात. बंदराजवळ हे नेटवर्क बंद ठेवतात आणि खुल्या समुद्रात सुरू करतात. बहुतेक रोमिंग पॅक देशांच्या नावाने विकले जातात आणि समुद्र कुठल्याच देशात मोडत नाही. विमानातल्या नेटवर्कचंही तसंच.

सकाळी आठला आईने हलवून उठवलं. "अगं, तुझा फोन मगापासून वाजतोय, बघ जरा." दोन एसएमएस होते. पहिला, तुम्ही वापराच्या मर्यादेच्या 80 टक्क्यांवर पोहोचला आहात. दुसरा, मर्यादा संपली, डेटा बंद केला आहे. दोन्ही 8 वाजून 5 मिनिटांनी आलेले. खिडकीतून फिनलंडचा किनारा दिसत होता. काल काढलेले सगळे फोटो आणि आईने घेतलेला सूर्यास्ताचा लांबलचक व्हिडिओ रात्रीतून क्लाउडवर चढले होते.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी बिल आलं. आधी ओळखीतल्या एकाने धीर दिला, "युरोपात रोमिंग फुकट असतं, चूक असेल काहीतरी." हा गैरसमज अनेकांचा असतो. युरोपीय संघात 15 जून 2017 पासून रोमिंगचे जादा दर गेले हे खरं, पण ते तिथल्या कंपन्यांच्या सिमकार्डांसाठी. बाहेरून आलेल्या सिमला तो नियम लागू नाही. आणि तिथल्या सिमलाही जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कवर तो दर मिळत नाही.

कस्टमर केअरने पहिल्या तक्रारीला दोन दिवसांत उत्तर दिलं. वापर वैध आहे, बिल बरोबर आहे. फोनवरच्या मुलाचा दोष नव्हता, त्याच्यासमोर स्क्रीनवर जे दिसत होतं ते तो वाचत होता. पण 'वैध' या शब्दाचा मला फार राग आला. तो वापर मी केला नव्हता, आणि होत असताना कोणी मला सांगितलंही नव्हतं.

तेव्हा दोन गोष्टी केल्या. ज्या रकमेबद्दल वाद नव्हता ती मुदतीच्या आत भरली आणि उरलेली रक्कम वादात आहे, निकाल लागेपर्यंत सेवा बंद करू नये, असं ईमेलने कळवलं. दुसरं म्हणजे तपशीलवार बिल मागवलं. ते तीन पानी बिल आलं आणि खरी मदत त्याचीच झाली.

प्रत्येक नोंदीपुढे नेटवर्कचा संकेतांक होता. पहिले तीन आकडे देशाचे असतात, स्वीडनचे 240, फिनलंडचे 244. वादातल्या नोंदी मात्र 901 ने सुरू होत होत्या. हा आकडा कुठल्याच देशाचा नाही, आंतरराष्ट्रीय नेटवर्कांसाठी तो राखून ठेवलेला आहे. वेळा रात्री 10.40 ते 1.15 अशा होत्या. त्यांचा मेळ बसेना, कारण साडेदहाला आम्ही डेकवर होतो आणि फोनला स्वीडनचं नेटवर्क होतं. शेवटी लक्षात आलं की त्या यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतल्या वेळा आहेत. उन्हाळ्यात फिनलंड यूटीसीच्या तीन तास पुढे असतं. म्हणजे तिथल्या वेळेनुसार पहाटे 1.40 ते 4.15. डेटा शेवटचा वापरला गेला त्यानंतर जवळजवळ चार तासांनी इशारा आला होता.

मी हे मांडलं तेव्हा उत्तर आलं की परदेशी नेटवर्ककडून वापराच्या नोंदी उशिरा येतात, त्यावर आमचं नियंत्रण नाही. इथे मी हार मानणार होते. मग स्टॉकहोममधली एक बारीकशी गोष्ट आठवली. तिथे मोबाइल डेटावर बातम्या उघडल्या की घरच्याच आवृत्त्या समोर यायच्या, आणि हॉटेलच्या वायफायवर गेलं की स्वीडिश पानं. नेटवर्किंगमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीला याचं कारण विचारलं. ती म्हणाली, रोमिंगमधला डेटा सहसा आधी आपल्याच कंपनीच्या गेटवेपर्यंत, म्हणजे तिचं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या दारापर्यंत येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो, म्हणून वेबसाइटला तू घरीच आहेस असं वाटतं. म्हणजे बिलासाठीच्या नोंदी उशिरा आल्या तरी एकेक एमबी कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेतून, त्याच क्षणी जात होता.

अपील मी याच मुद्द्यावर लिहिलं. एकच पान. वर तक्रार क्रमांक, खाली वेळांचा तक्ता, एका बाजूला डेटाच्या नोंदी आणि दुसऱ्या बाजूला इशाऱ्याच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट. मग दोन प्रश्न. डेटा तुमच्या गेटवेतून जात होता का? जात असेल, तर इशारा आणि मर्यादा त्याच वेळी का लागू झाली नाही? जोडीला, मी आधी केलेल्या चौकशीच्या फोनची तारीख आणि वेळ. ते कॉल रेकॉर्ड करतात, शोधून ऐका असं लिहिलं.

पाच आठवडे काहीच नाही. दर सोमवारी मी त्याच ईमेलला उत्तर म्हणून एक ओळ पाठवत राहिले, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका साखळीत राहील. सहाव्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. त्यांनी अपील पूर्ण वाचलं होतं, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं. बोटीचं तिकीट आहे का, असं त्यांनी विचारलं. मी त्याच संध्याकाळी पाठवलं. चार दिवसांनी ईमेल आलं. 901 वरचे डेटाचे सगळे पैसे माफ. गेटवेच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं, आणि ते मला अजूनही हवं आहे.

एक नोंद तेवढी तशीच राहिली. 901 वरचाच, एक मिनिटाचा आलेला कॉल. मारियेहाम्न सुटल्यावर मामाने आईची तब्येत विचारायला केला होता. त्याचे पैसे मी भरले.

पुढच्या बोटीच्या प्रवासात आईनेच धक्का सुटायच्या आत माझा फोन मागून घेतला आणि फ्लाइट मोडवर टाकला. मग बेटांचे फोटो काढत बसली.