नोकरीतून धंद्यात येताना: भांडवल उभारण्याचा माझा अनुभव

नोकरीत मी मनुष्यबळ विभागाची प्रमुख होते. पद मोठं, पण नफा-तोट्याची जबाबदारी कधी माझ्याकडे आली नव्हती. व्यवस्थापनात वर गेलेल्या बायका बहुधा मनुष्यबळ, जनसंपर्क, प्रशासन अशाच विभागांत दिसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2015 च्या अहवालातही हे नोंदवलंय. म्हणून राजीनाम्याआधी मी मुद्दाम एक लहानसा विक्री विभाग मागून घेतला. पगार तेवढाच राहिला, डोक्याला ताप वाढला. पण येणी-देणी म्हणजे काय, ते तिथे कळलं.

पुढे धंद्याचा आराखडा करताना तेच कामी आलं. पुरवठादाराचे पैसे 30 दिवसांत द्यायचे आणि ग्राहकाकडून 60 दिवसांनी यायचे, तर मधला महिना कशावर काढायचा? ऑर्डर वाढल्या की हे खिंडार आणखी रुंदावतं. त्यामुळे नफ्याच्या अंदाजाआधी मी महिनावार रोख रकमेचा तक्ता केला आणि खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी हाताशी लागणारा पैसा, किती लागेल ते त्यातून काढलं.

मग गुंतवणूकदारांच्या भेटी. "ग्राहक सोडून गेले तर?" "मोठी कंपनी यात उतरली तर?" "घरचं कोण बघणार?" (शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याकडे मी पुन्हा गेले नाही.) माझ्यासारखंच भांडवल उभारणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याला मात्र गुंतवणूकदार धंदा किती वाढेल, एवढंच विचारत होते. हा माझा भ्रम नव्हता. न्यूयॉर्कमधल्या नवउद्योगांच्या स्पर्धेतली प्रश्नोत्तरं तपासून 2018 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुरुषांना बहुतेक प्रश्न वाढीचे आणि बायकांना बुडण्याचे, असं त्यात आढळलं. बुडण्याच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर देणाऱ्यांना जास्त भांडवल मिळालं होतं.

मी उत्तरांची मांडणीच बदलली. "ग्राहक गेले तर?" यावर आधी फक्त ते कसे टिकवणार हे सांगायचे. आता म्हणायचे, "काही जाणार हे आकड्यांत धरलंय. राहतात त्यांची दुसरी ऑर्डर पहिलीपेक्षा मोठी असते, म्हणून भांडवल तिथे लावायचंय." सोबत ऑर्डरचा तक्ता पुढे सरकवायचे.

शेवटी ज्यांच्याशी करार केला, त्यांची रक्कम इतरांपेक्षा कमी होती. पण त्यांनी विचारलं, "दुप्पट पैसे दिले तर काय कराल?" तक्त्यात तो रकाना तयारच होता.