बरं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

बाबा नुसते "बरं" म्हणाले. काल संध्याकाळपासून ते एक "बरं" कानात अडकून बसलंय. त्याऐवजी दोन शिव्या हासडल्या असत्या तर जेवणाआधीच विसरलो असतो.

झालं एवढंच होतं की फवारणीचा पंप फिरवणारा पट्टा तुटला. संत्र्याच्या आंबिया बहाराची गळ सुरू आहे, रोज सकाळी झाडांखाली हिरवी फळं पडलेली दिसतात, आणि मोबाईल तीन दिवस उघाड दाखवत होता. म्हणून पोळ्याची सुटी धरून कळमेश्वरच्या पुढे, शेतात गेलो. बाबा गावात पोळा पाहायला गेले होते. बैल विकून सहा वर्षं झाली, तरी तोरणाजवळ जाऊन उभे राहतातच. गुरुवारी खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात तेव्हा, ट्रॅक्टरच्या बोनेटला हळद-तूप लावलं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हेही म्हणाले. धाकटी हसत होती. बाबा हसत नव्हते.

म्हणजे काल ट्रॅक्टर सुटीवर होता. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

ट्रॅक्टर तो जुनाच, १८ एचपीचा, फांद्यांखालून वाकून जाणारा. आमची लागवड १८ बाय १८ फुटांची, मोठा ट्रॅक्टर नेला की फळं ओरबाडत जातो. मागं पीटीओवर, म्हणजे इंजिनानं फिरणाऱ्या दांड्यावर, दहा इंची पुली, वर पंपाला सहा इंची; पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरला की पंप ९०० फिरतो. मधे दोन पट्टे. त्यातला एक फटकन तुटून चिखलात पडला. दुसरा फिरत होता, पण नुसता कोकलत होता. बंद करून पाहिलं तर त्याच्या दोन्ही कडा काचेसारख्या, आणि पुलीच्या खाचेचा तळही चकचकीत. पट्टा खाचेच्या भिंतींना धरून चालला पाहिजे, तळाला टेकला की तो गेला. हे मला आठवीत कळलं होतं, आणि कसं कळलं ते माझ्या उजव्या कानाला ठाऊक.

जोडीतला एक गेला की दोन्ही बदलायचे. नाहीतर जुना ताणलेला, नवा आखूड, आणि सगळा भार एकट्या नव्यावर. (हे वाक्य पट्ट्यांबद्दलच आहे. ताईचा फोन आला होता, पण ते इथं लिहीत नाही.) रीत अशी की पंपाचे चार नट ढिले करायचे, पंप अँगलच्या लांबट भोकांत खाली सरकवायचा आणि पट्टा हातानं उतरवायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, आतले दोरे तुटतात. पण ते नट! बोर्डोच्या फवाऱ्यातल्या मोरचुदानं इतकी वर्षं खाल्लेले. १९ चा पाना लावला की घसरतो. डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, दोन सुटले, दोन हलेनात. अंधार पडत आला, डास सुरू झाले. मग मी हॅक्सॉ घेतला आणि दुसरा पट्टा कापून टाकला. मिनिटही लागलं नाही.

ते दोन नट नंतर निघालेच. पंधरा मिनिटांत.

बाबा आले, बाजूला उभे राहिले. ऑपरेशननंतर त्यांना संध्याकाळी फारसं दिसत नाही, पण पुलीवर काही नाही हे त्यांनी हात लावून ओळखलं.

"दुसरा कुठी हाये?"

कोठ्यात खुंटीवर उतरलेले पट्टे टांगायची आमच्याकडे रीत आहे. अडीनडीला एखादा दिवस काढून देतात, माप म्हणूनही उपयोगी पडतात.

"कापला."

"कापला?"

"नट निघत नव्हते, बाबा."

"बरं."

आणि पाय धुवायला गेले.

हे वाचणाऱ्याला यात काही दिसणार नाही. पण ज्यानं त्या माणसाच्या तोंडून "अक्कल गहाण ठेवली का बे?" हे पंचवीस-तीस वर्षं ऐकलंय, त्याला विचारा. मी पंप उलटा बसवला होता तेव्हा शेजारच्या धुऱ्यापर्यंत ऐकू गेलं होतं. पान्याऐवजी पक्कड लावून नट गोल केला तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते, पण ते न बोलणंही दणदणीत होतं. "बरं" ते परक्याला म्हणतात. पोस्टमनला. नवीन आलेल्या तलाठ्याला. मी एकोणपन्नास वर्षांचा माणूस, हाताखाली अकरा जण आहेत, आणि रात्री खाटेवर पडून विचार करत होतो की माझ्यावर ओरडायचं का सोडलं यांनी? थकले? की मला सोडूनच दिलं? काय उपयोग याला सांगून, असं? त्यात पंख्याचा आवाज, त्यात लाईट गेली. माझं इथं काय राहिलंय असंही वाटून गेलं. सातबाऱ्याचा विषय मात्र निघाला नाही, तेवढं चांगलं.

सकाळी कापलेला पट्टा टेपनं मोजला. नंबर घासून गेला होता. बाहेरून ५७ इंच भरला. कळमेश्वरला जाऊन बी-५७ ची (बी हा पट्ट्याच्या जाडी-रुंदीचा प्रकार) जोडी घेऊन आलो, चढवली, पंप भोकांच्या वरच्या टोकापर्यंत ओढला, तरी पट्टे पाळण्याच्या दोरीसारखे लोंबत. कारण पट्ट्यावर छापलेला आकडा आतल्या लांबीचा असतो. बी पट्टा ११ मिलिमीटर जाड. बाहेरून मोजलं तर पावणेतीन इंच फुकटचे वाढतात. हे मला माहीत होतं हो. माहीत असलेल्या गोष्टी त्या-त्या वेळी कुठं जातात कोण जाणे.

बाबा खाटेवरून म्हणाले, "चोपन होता."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुठी?"

आवाज चढवून नाही. तूर निसता निसता.

कळमेश्वरला ५४ ची जोडी नव्हती, म्हणून नागपूर. आणि आज मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीकडे जायचा विचार करणाराच मूर्ख, पण मी गांधीबागेपर्यंत गेलो. तिथं गाडी जी अडकली ती अडकलीच. माणसांचा पूर, ढोल, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि चहूकडून तेच: इडा-पिडा घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत! शेजारच्या सीटवर ते दोन चुकीचे पट्टे वेटोळं घालून बसलेले. मी काच खाली केली आणि, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही हे पाहून, मोठ्यानं म्हणालो, "बी-सत्तावन घेऊन जा गे मारबत!" बाजूच्या स्कूटरवाल्यानं वळून पाहिलं. मग तोही ओरडला. त्याला काय वाटलं असेल, एखादा बंगल्याचा नंबर असेल.

तिथून मला जरा मोकळं वाटायला लागलं. शेवटी कॉटन मार्केटजवळ मिळाली जोडी. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, आतून की बाहेरून?

चारला परत. वाटेत प्रत्येक गावात पोरं लाकडी नंदी ओढत निघालेली. पट्टे चढवले. दोन पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी लावून पाहिलं, खालची बारीकशी बाहेर होती, ती ठोकून आत घेतली. मग ताण. आमच्या घरात ताण झाडाला देतात, डिसेंबरात पाणी तोडून, पट्ट्याला देतात, माणसालाही असतो ही बातमी अलीकडे धाकटीनं आणली. मी पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला. अर्ध्या बोटाच्या आत दबला. म्हटलं झालं.

बाबांनी दाबून पाहिला. दोन्ही दाबले, आधी हा, मग तो.

"आनखी थोडा वर घे."

माझ्या मते गरज नव्हती. घेतला.

पंप सुरू केला, कोकलला नाही. दोन टाक्या मारून झाल्या, मग उजेड गेला. बाबांनी पट्ट्यांचे किती पडले विचारलं तर आठशे म्हणालो, नेहमीसारखे दोनशे कमी करून. त्या सत्तावनच्या जोडीचे तर धरलेच नाहीत. ते "हं" म्हणाले. "हं" मला चालतं.

निघताना कोठ्यात टॉर्च मारला तर खुंटीवर कापलेला पट्टा होता. दोन्ही टोकं सुतळीनं बांधून, जुन्या अखंड पट्ट्यांच्या ओळीत. तो तुटलेलाही, चिखल धुऊन. मी काही विचारलं नाही. फाटकाला बिजागरी म्हणून लावतील, किंवा माझ्यासाठीच टांगला असेल. दोन्ही जमतं त्यांना.

उद्या सकाळी परत जायचंय. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल होतो, दोन टाक्या अजून झाल्या की नट पुन्हा आवळायचे आहेत. १९ चा पाना माझ्याच गाडीत राहिलाय, आत्ता पाहिला. म्हणजे उद्या निदान त्यावरून तरी ओरडतील.