तुम्ही विचारलंत म्हणून: मासाई माराची बॅग

केनियातील मासाई मारा या अभयारण्यात जाताना सोबत काय न्यावे, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा गॉगल, टोपी आणि सुती कपड्यांची यादी आधीच तयार असते. मी मात्र प्रथम स्वेटर घ्यायला सांगतो. मारा विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असले, तरी ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर आणि त्याहूनही उंचावर आहे, आणि रानगव्यासारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्टांचे स्थलांतर पाहायला आपण जुलै ते ऑक्टोबरमध्ये जातो, तेव्हा पहाटेची सफर उघड्या छपराच्या गाडीतून, बोचऱ्या वाऱ्यात होते. उन्हे चढल्यावर एकेक उतरवता येतील असे कपडे एकावर एक घालावेत.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामानाची मर्यादा हातातील पिशवीसह सहसा १५ किलो असते आणि बॅग मऊ कापडाचीच लागते. कपडे मातकट रंगाचे असावेत, कारण धूळ त्यांवर दिसत नाही. गाडीतल्या माणसाच्या शर्टाच्या रंगाचे सिंहाला काही देणेघेणे नसते. गडद निळा आणि काळा हे रंग मात्र टाळावेत, कारण त्यांच्याकडे चावऱ्या त्सेत्से माशा आकर्षित होतात.

चिवडा, भाकरवडी खुशाल न्या, पण डब्यातून. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकही चालत नाही. म्हणून चपला, औषधे, ओले कपडे असे सारे पिशव्यांत गुंडाळण्याची आपली सवय घरीच ठेवावी आणि पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्यावी.

कॅमेऱ्याच्या भल्यामोठ्या लेन्सपेक्षा प्रत्येकाला स्वतंत्र दुर्बीण असणे मला अधिक मोलाचे वाटते, मग छायाचित्रकार मित्र कितीही रागावोत. एकच दुर्बीण चौघांत फिरली, की चौथ्याच्या हाती येईपर्यंत बिबट्या झाडावरून उतरलेला असतो. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून शक्तिशाली असली, की हाताच्या थरथरीने चित्र हलते. लेन्स न्यायचीच असेल, तर तिला टेकू म्हणून कापडी पिशवी रिकामी न्यावी आणि तिथे तांदूळ घेऊन भरावी.

पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र मात्र विसरून चालणार नाही. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्राविना केनियाहून भारतात परतणाऱ्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. म्हणून ते पासपोर्टसोबतच, हातातल्या पिशवीत असावे.