मनी, बेदाणे आणि तीन दिवस

मनी, म्हणजे आमची मांजर, आमच्याकडे आली तेव्हा ओंजळीत मावायची. आता चार वर्षांची आहे, वजन चार किलो. तिला खरबुजाचं वेड आहे. मी फळ चिरायला घेतलं की घरात कुठे झोपली असेल तिथून उठून येते, ओट्यावर उडी मारते आणि फोडीला नाक लावते. मी हे इतकी वर्षं कौतुकाने बघितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. कौतुकाची सवय झाली आणि मग खरबुजावर थांबलं नाही. केळ्याचा तुकडा, सफरचंदाची फोड, मी जे खाईन त्यातला घास तिला. फळ आपल्याला चांगलं म्हणजे तिलाही चांगलंच असणार, असं मी धरून चालले होते. कधी काही झालं नाही, म्हणून कुणाला विचारलंही नाही.

एका संध्याकाळी आतल्या खोलीतून मुलीची हाक आली, "आई, मनीने माझा केक खाल्ला गं!" मी आधी हसले. मग बशी बघितली. बेदाणे घातलेला, भरपूर लोण्याचा केक होता तो. अर्धा तुकडा गायब होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात एवढं कधीतरी कानावर पडलेलं होतं. मांजरांचं काय, ते मला माहीत नव्हतं. उरलेला तुकडा मी कुस्करून त्यातले बेदाणे मोजले, त्यावरून अंदाज बांधला: मनीच्या पोटात चार-पाच तरी गेले असावेत.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी भराभर प्रश्न विचारले. किती वाजता खाल्लं? साधारण किती? वजन किती? उलटी झाली का? केकमध्ये चॉकलेट किंवा दारू होती का? मी म्हटलं, "मीठ-पाणी पाजून उलटी करवू का?" ते जवळजवळ ओरडलेच. "अजिबात नाही. मीठ नको, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच नको. मांजराच्या जठराला त्याने जखमा होतात. केक तसाच पिशवीत घाला आणि तिला घेऊन लगेच निघा." हे वाचणाऱ्याने एवढं एक तरी लक्षात ठेवावं, कारण त्या क्षणी माझा हात मिठाच्या बरणीपर्यंत गेलेला होता.

दवाखान्यात त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. मांजराच्या बाबतीत हे कुत्र्याइतकं हमखास जमत नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मनीला झाली. त्यात फुगलेले तीन बेदाणे निघाले. ते बघून मी रडले. मग रक्त घेतलं, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारे क्रिएटिनिन आणि युरिया बघायला, म्हणजे पुढच्या आकड्यांची तुलना करता येईल. पुढच्या पायाला सलाइन लावलं. रात्रभर ती तिथेच राहिली.

मी विचारलं, "धोका नक्की किती आहे?" त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. कुत्र्यांमधल्या नोंदी भरपूर आहेत, मांजरांमधल्या फार थोड्या. किती खाल्लं म्हणजे विषबाधा होते याचं ठरलेलं प्रमाणच नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोडक्यावर बंद पडतात. कारणाबद्दलही वर्षानुवर्षं नुसते तर्क होते. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधेच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि प्रत्येक द्राक्षात ते आम्ल कमी-जास्त असतं. म्हणून मांजराने खाल्लं तरी धोका आहे असं धरूनच आमचे डॉक्टर उपचार करतात. मूत्रपिंडांचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसायला लागतं, त्यामुळे २४, ४८ आणि ७२ तासांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि माझी पाळत सुरू झाली. खाते का? पुन्हा उलटी? मलूल पडून राहते का? मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे किती आणि केवढे? लघवी अचानक कमी झाली तर लगेच फोन करायचा होता. मी वहीत वेळा लिहीत होते, मुलगी शाळेतून आल्या आल्या आधी ट्रे बघत होती. त्या पोरीने केक उघडा ठेवल्याचं इतकं मनाला लावून घेतलं होतं की तिची समजूत काढताना मलाच कळलं, चूक तिची नव्हती. मनीला आपल्या ताटातलं खायला मी शिकवलं होतं. तिन्ही वेळा आकडे ठीक आले.

पण एक गोष्ट मला सोडेना. हिला गोड एवढं का आवडतं? शेवटच्या तपासणीला मी हे विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, तिला गोड कळतच नाही."

माझा विश्वास बसला नाही, म्हणून नंतर वाचून काढलं. जिभेवर गोडाची चव ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) दोन जनुकांपासून बनतो. मांजरात त्यातलं एक मोडलेलं आहे, त्याचा एक तुकडाच गळालेला आहे. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, आणि वाघ नि चित्त्यातही तेच आढळलं. साखर त्यांच्यासाठी बेचव. मनीने केक खाल्ला तो लोण्यासाठी, बेदाणे सोबत गेले. खरबुजाकडे ती येते ती वासाने, ओलाव्याने, आणि कदाचित मी तिथे असते म्हणूनही. आपल्या जिभेवरून मी तिची आवड ठरवत होते.

पौष्टिकतेचंही तसंच निघालं. क जीवनसत्त्व मांजराचं यकृत स्वतःच तयार करतं. फळातल्या केशरी बीटा-कॅरोटीनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. तिला ते मांसातून तयारच लागतं. टॉरिन हे मांसात मिळणारं, मांजराला अत्यावश्यक असलेलं द्रव्य तर फळात नसतंच. त्याची कमतरता झाली की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. फळातून मनीला मिळतं ते पाणी, थोडा चोथा आणि नको असलेली साखर.

मग द्यावं की नाही? मी डॉक्टरांसमोर बसून एकेक फळाचं नाव घेतलं. द्राक्षं, बेदाणे, मनुका कायमचे बंद, आणि ते घातलेला प्रत्येक पदार्थही. संत्रं-लिंबू बंद, सालीतल्या तेलातली लिमोनीन, लिनालूल ही द्रव्यं मांजराला बाधतात. (तेव्हापासून लिंबाच्या तेलाचं फरशी पुसायचं द्रावणही मी बंद केलं, कारण ती फरशीवर चालते आणि मग पंजे चाटते.) अ‍ॅव्होकॅडोही त्यांनी नको म्हटलं. सफरचंद चालेल, पण साल, देठ आणि बिया काढून. बिया चावल्या गेल्या की त्यातल्या अमिग्डालिन नावाच्या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होतं. एखादी बी गिळल्याने विषबाधा होत नाही, पण ती काढायला कष्ट काय पडतात? चेरी, पीच, जर्दाळूच्या आठळीत तेच द्रव्य असतं, शिवाय आठळी आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियाच. खरबूज, बिया काढलेलं कलिंगड, केळं, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी यांचा नुसता गर चालतो. पाकातली डबाबंद फळं नकोत, वाळवलेलीही नकोत, त्यात साखर दाटलेली असते.

आणि प्रमाण. इथे मला सगळ्यात जास्त धक्का बसला. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, आणि नेहमीच्या जेवणाखेरीजचं वरचं सगळं खाणं मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवं. अर्ध्या केळ्यात पन्नासेक कॅलरी असतात. म्हणजे माझ्या हातून कौतुकाने गेलेलं अर्धं केळं हा तिच्या दिवसाच्या खाण्याचा निदान पाचवा हिस्सा होता, आणि तोही मांस नसलेला.

आमचा म्हातारा बोका गुंड्या याच गणितात सापडला. मनीसाठी गेले होते म्हणून त्याचंही वजन केलं, तर साडेसहा किलो. लठ्ठ मांजरांना मधुमेह होण्याचा धोका जास्त, आणि त्याची लघवीही हल्ली वाढलेली होती. तपासणीत साखर मर्यादेत निघाली, पण त्याला फळाचा कणही नाही, आणि जेवण वजनकाट्यावर मोजून. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरालाही केळ्यासारखं पोटॅशियम असलेलं फळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, असं ते म्हणाले.

गुंड्या आता सहा किलोच्या खाली आलाय. मनीचं रक्त महिन्याने पुन्हा तपासलं, तेही ठीक आहे.

काल खरबूज चिरलं. ती आलीच. मी नखाएवढा तुकडा बोटावर धरला. तिने वास घेतला, दोनदा चाटला, आणि तुकडा तसाच टाकून माझ्या मांडीवर येऊन बसली.