बिनफोटोचं पत्रक

नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा आठवडा, आणि आमच्या ऑफसेटवर दिवसरात्र पत्रकंच. अजितदादांच्या पक्षाच्या उमेदवाराचा माणूस संध्याकाळी आला तो दोन डिझाइन घेऊन. मजकूर तोच, फरक वरच्या पट्टीत. बाजारपेठेसाठी मोदी, शिंदे, फडणवीस आणि दादा, चौघे गोलात. मोहल्ल्यासाठी एकटे दादा.

"काका, गठ्ठे वेगळे बांधा हं," एवढंच म्हणाला. कारण विचारायची गरज नव्हती. वाशिमच्या सभेत योगी आदित्यनाथांनी 'बटेंगे तो कटेंगे' म्हटलं होतं आणि हे महाराष्ट्रात चालणार नाही, असं अजित पवारांनी उघड सांगून टाकलं होतं. पाचच महिन्यांपूर्वी लोकसभेला महायुतीच्या ४८ पैकी १७ जागा आल्या होत्या, दादांच्या पक्षाची तर एकच. त्यामुळे मित्रपक्षाचा नेता जिथे मतं आणतो तिथे मिरवायचा, जिथे घालवतो तिथे झाकायचा.

मी म्हटलं, "भाऊ, पत्रकं दोन तर घोषणापत्रंही दोन. सह्या, साक्षीदार, सगळं दोनदा." घोषणापत्र म्हणजे पत्रक कोण छापून घेतंय ते त्याने सहीनिशी लिहून द्यायचा कागद. त्यासाठीचं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात सापडतो तो मुद्रकही. शिवाय घड्याळ चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे, ही सुप्रीम कोर्टाने घालायला लावलेली ओळ. ती बारीक करा म्हणून तो मागे लागला होता. इतकी बारीक केली की प्लेटवर उमटत नाही, असं सांगून मी सुटका करून घेतली.

रात्री दीड वाजता कटिंग संपलं. दोन्ही गठ्ठ्यांना तोच खाकी कागद, तीच सुतळी. स्केचपेनने 'बा' आणि 'मो' मीच लिहिलं, झोपेत. हेल्परने माझं वाचून टेम्पो भरला. त्याचा काही दोष नाही.

सकाळी नऊला पहिला फोन आला तो बाजारपेठेतून. मला वाटलं होतं आग लागली तर मोहल्ल्यात लागेल. फोनवर एक अडते, कमळाचे जुने कार्यकर्ते. "आमच्या नेत्याचा फोटो छापायची लाज वाटते का याला? मग आमची पोरं याच्यासाठी उन्हात कशाला फिरतायत?" मी गठ्ठ्यांचा घोळ सांगायला गेलो आणि जीभ चावली. घोळ सांगायचा म्हणजे दोन पत्रकं आहेत हेही सांगायचं! पुढच्या तासात असेच चार फोन. दुपारपर्यंत तिथली बूथवरची मुलं कामावरून उठली होती.

मोहल्ल्यातून फोन आलाच नाही. माझ्या पँटी बेतणारे चाचा स्वतःच पत्रक घेऊन प्रेसवर आले. काउंटरवर ते पसरलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"शेठ, बाजारात एक फोटो, आमच्याकडे चार. उलटं झालं ना?"

मी गप्प.

"अहो, फोटो काढला तरी हा कुणाच्या शेजारी बसतो ते आम्हाला माहीत आहे. टीव्ही आमच्या घरी पण आहे." आणि चहा न घेताच गेले. ते मत कुणाला देणार होते, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

उमेदवाराच्या माणसाने अर्थातच माझी कातडी सोलली. बाजारपेठेची चौफोटो पत्रकं मी पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिली. पुढे २३ तारखेला महायुतीची लाट आली, दादांच्या पक्षाच्या ४१ जागा लागल्या, आमचा उमेदवारही त्यात निघून गेला. तो माणूस आता कुठेही भेटला की दोन पत्रकांची युक्ती कशी लागू पडली ते मलाच सांगतो.

पण त्या दुपारी मी जिल्हाधिकारी कार्यालयात उभा होतो. दोन घोषणापत्रं, दोन पत्रकं. क्लार्कने दोन्ही शेजारी धरून पाहिली, फोटो मोजले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन्हींना मिळून एकच टाचणी मारली.