क्लॅडिंगचं बिल आणि दोन कागद

पूर्व लंडनमधला आमचा फ्लॅट आम्ही २०१६ मध्ये ३ लाख ८५ हजार पौंडांना घेतला. पाचवा मजला, १२५ वर्षांची लीज. इथे ‘फ्लॅट घेतला’ म्हणजे नेमकं काय घेतलं ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा मनस्ताप त्यातूनच आला. आपल्याकडे सोसायटी असते, मोठं काम काढायचं तर सर्वसाधारण सभेत ठराव होतो. आमच्याकडे जमीन आणि इमारत मूळ मालकाची, म्हणजे फ्रीहोल्डरची, आपला हक्क फक्त ठरावीक वर्षं राहण्याचा. कंत्राटदार कोण, खर्च किती, हे फ्रीहोल्डरचा मॅनेजिंग एजंट ठरवतो आणि बिल सर्व्हिस चार्जमधून आपल्या दारात येतं. कोथरूडच्या सोसायटीत अनेक वर्षं सेक्रेटरी राहिलेले माझे बाबा फोनवर दर वेळी विचारायचे, “अगं, पण तुम्ही सभा का बोलवत नाही?”

१४ जून २०१७ च्या पहाटे पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर पेटला. ७२ माणसं गेली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेल्या पॅनेलांवरून, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवलेल्या क्लॅडिंगवरून, आग बाहेरच्या बाहेर वर चढली. मग देशभरातल्या इमारतींच्या भिंती तपासणं सुरू झालं. डिसेंबर २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस-१ नावाचा फॉर्म आला. बाहेरच्या भिंतीबद्दल तज्ज्ञाने सही केलेला हा कागद नसेल, तर बँका कर्ज देईनात. २०२० मध्ये आमच्या इमारतीला ‘बी-२’ शेरा मिळाला, म्हणजे भिंतीत जळाऊ माल आहे आणि दुरुस्ती करावीच लागेल.

तपासणीच्या दिवशी आम्ही काहीजण खाली उभे होतो. इंजिनिअरने एक पॅनेल काढून आत टॉर्च मारला. दोन मजल्यांच्या मधे आग अडवणारी पट्टी हवी होती. तिथे मोकळी पोकळी होती, सरळ वरपर्यंत. आमचा मुलगा तेव्हा वर्षाचा होता आणि त्याचा पाळणा त्याच भिंतीला टेकलेला होता. त्या रात्री आम्ही तो हलवला.

त्यानंतर सेक्शन २० ची नोटीस आली. मोठ्या कामाआधी लीजहोल्डरांना, म्हणजे आमच्यासारख्या लीजवर फ्लॅट घेतलेल्यांना, ती द्यावीच लागते. त्यात अंदाज होता दर फ्लॅटमागे ५२ हजार पौंड. ज्या भिंतीचे आम्ही मालक नाही, जी आम्ही बांधली नाही, जिला मंजुरी आम्ही दिली नाही, तिचं हे बिल. तेवढ्यात वेकिंग वॉच सुरू झाला: हातात भोंगा घेतलेले दोन पहारेकरी रात्रभर मजल्यामजल्यावर फिरणार, आग दिसली तर सगळ्यांना उठवणार. त्यांचा पगारही आमच्याच सर्व्हिस चार्जमधून. विम्याचा हप्ता कितीतरी पटींनी वाढला. फ्लॅट विकायला काढला, तर खरेदीदाराच्या बँकेने किंमत शून्य लावली. शेजारची नर्स मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून लवकर परतली, ती फक्त या खर्चामुळे.

सरकारने २०२० मध्ये बिल्डिंग सेफ्टी फंड काढला, १८ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी. पण त्यात अर्ज लीजहोल्डरला करता येत नव्हता, तो इमारतीची जबाबदारी असणाऱ्यानेच करायचा होता. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, एजंटला मेलवर मेल केले, खासदारांना भेटलो, तेव्हा कुठे अर्ज गेला. लीजहोल्डरांना फुकट सल्ला देणाऱ्या ‘लीज’ या सरकारी अनुदानावरच्या संस्थेने या काळात खूप आधार दिला.

खरा फरक पडला तो बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टमुळे. त्यातलं लीजहोल्डरांचं संरक्षण २८ जून २०२२ पासून लागू झालं. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली हवी, आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्लॅट तुमचं मुख्य घर हवं, किंवा तुमच्या नावावर एकूण तीनपेक्षा जास्त घरं नसावीत. असं असेल तर धोकादायक क्लॅडिंगसाठी एक पौंडही द्यावा लागत नाही. बाकीच्या दोषांसाठी आणि पहाऱ्यासाठी कमाल मर्यादा आहे. आमच्या किमतीच्या लंडनमधल्या फ्लॅटला ती १५ हजार पौंड.

आपल्या माणसांना पडणारा प्रश्न मलाही पडला: पुण्यातला फ्लॅट मोजतात का? नाही. फक्त युनायटेड किंग्डममधली घरं मोजतात. एका ओळखीच्या जोडप्याने या भीतीपोटी या संरक्षणासाठी लागणारा कागदच भरला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिते.

हे संरक्षण दोन कागदांवर उभं आहे. पहिला आपला, लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट. त्यावर साक्षीदाराची सही लागते, सोबत लीज, खरेदीचा पुरावा आणि १४ फेब्रुवारी २०२२ च्या आसपासचं पत्त्याचं बिल. एजंटने मागितल्यावर मुदतीत दिला नाही, तर तुम्हाला अपात्र धरू शकतात. दुसरा कागद फ्रीहोल्डरचा, लँडलॉर्ड सर्टिफिकेट. त्याच्या समूहाची मालमत्ता दर इमारतीमागे २० लाख पौंडांच्या वर असेल, तर बाकीच्या दोषांचा खर्चही पात्र लीजहोल्डरांवर टाकता येत नाही. आमचा एजंट तो कागद देईना. मग आम्ही एकत्र सही करून पत्र पाठवलं: मागणीनंतर चार आठवड्यांत सर्टिफिकेट दिलं नाही, तर कायदा असं धरून चालतो की फ्रीहोल्डरकडे तेवढी मालमत्ता आहे. त्यानंतर सर्टिफिकेट आलं, आणि मालमत्ता खरोखरच तेवढी निघाली. ५२ हजारांची मागणी रद्द झाली. पहाऱ्यापोटी आधी भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

काम चालू असताना इमारत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. खिडक्या बंद, दुपारीसुद्धा दिवे लावून बसायचो. आता नवीन ईडब्ल्यूएस-१ फॉर्म हातात आहे आणि बँका पुन्हा कर्ज देतात. दोन्ही सर्टिफिकेटं आम्ही जपून ठेवली आहेत, कारण फ्लॅट विकताना नव्या खरेदीदाराचा वकील तीच आधी मागतो.

रेडिंगला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची इमारत चार मजली, ११ मीटरपेक्षा बुटकी. तिच्या भिंतीतही जळाऊ इन्सुलेशन सापडलं आहे, पण हे संरक्षण तिला लागू नाही. फ्रीहोल्डरने तिला नुकतीच सेक्शन २० ची नोटीस पाठवली. या शनिवारी आम्ही दोघी तिच्या खासदारांना भेटायला जाणार आहोत.